मी तर एकनिष्ठच होते, ताई

मागच्या अंकात गरोदरपणातल्या तपासण्यांबद्दल लिहिताना एच.आय.व्ही.चा उल्लेख एका ओळीत केला होता. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी वर्षभरात कशावर आली नव्हती. बहुतेकांवर नाव नाही. दोन पत्रं वहीच्या फाडलेल्या पानावर आहेत, एका पाकिटावर पत्ता मुलाच्या हस्ताक्षरात आणि आतला मजकूर आईच्या. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला.

उत्तरांआधी एक सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी सतरा वर्षं समुपदेशक होते. रुजू झाले तेव्हा एच.आय.व्ही.च्या समुपदेशन-तपासणी केंद्राला व्हीसीटीसी म्हणायचे, पुढे आयसीटीसी झालं. लोक मात्र पहिल्यापासून 'बारा नंबरची खोली' म्हणत. सुरुवातीची तीन वर्षं मी गावोगावच्या देवळांत, शाळांत भाषणं दिली. ठरलेलं वाक्य होतं, 'पतीशी एकनिष्ठ राहा, एड्स टाळा.' एक दिवस सव्वीस वर्षांची एक बाई रिपोर्ट घ्यायला समोर बसली. रिपोर्ट सांगितला तर रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमचं भाषण ऐकलं होतं की मी आमच्या देवळात. मी तर एकनिष्ठच होते, ताई." ते वाक्य त्यानंतर मी कधी भाषणात उच्चारलं नाही. आज जे लिहिते आहे, ते तिला तेव्हा देता न आलेलं उत्तर आहे.

प्रश्न : माझं वय २९. मालक सोनं गाळायच्या, गलाईच्या कामाला केरळात असतात. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला येतात. दोन मुलं आहेत, माझं ऑपरेशन झालंय. ते जाऊन महिना झाला आणि मला अंगावरून पांढरं जातंय, खाजही आहे. शेजारीण म्हणाली, परमुलखातल्या माणसाचं काय सांगावं. मला त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही, पण झोप लागत नाही. तपासणी केली तर सासरी कळेल का? आणि पुढच्या वेळी ते आले की काय म्हणू? — एक बहीण, आटपाडी तालुका

उत्तर : बाळ, आधी झोपेचं बघू. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे एच.आय.व्ही. नव्हे. बहुतेक वेळा तो औषधाने बरा होणारा साधा जंतुसंसर्ग असतो. कधी तो संबंधातून आलेला असतो, कधी नसतो. पण अंगावर काढू नकोस. खाज, जखम, सूज असली की आतली त्वचा नाजूक होते आणि एच.आय.व्ही.ला आत शिरायला वाट सोपी होते. उपजिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असते, तिथे जा. तक्रारीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या खोक्यांत औषधं मिळतात, पैसे पडत नाहीत. दोन गोळ्यांत बरं वाटलं तरी खोकं संपवायचं. मालकांनाही औषध लागेल असं डॉक्टर म्हणाले तर ते विसरायचं नाही, नाहीतर तू बरी होशील आणि यात्रेला पुन्हा तेच.

तिथेच एच.आय.व्ही.ची तपासणीही करून घे. संमती तुझी लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. नाव-पत्ता केंद्राच्या नोंदीत राहतो, बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे. २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकालाची वाच्यता नाही, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. तरीही गावाजवळच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती वाटत असेल, तर विट्याला जा, सांगलीला जा, बाजाराच्या दिवशी जा. कुठल्याही सरकारी केंद्रात चालतं. शंका आलीच तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. लागण झाल्यावर ती तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात. मालक जाऊन महिनाच झालाय, म्हणून आज 'निगेटिव्ह' आला तरी ते ज्या दिवशी गेले तिथपासून तीन महिने पुरे झाले की पुन्हा एकदा रक्त दे. त्या दुसऱ्या निकालावर निर्धास्त व्हायचं. आणि कधी कुणाचा निकाल 'पॉझिटिव्ह' आला, तर केंद्र तो एका किटवर सांगत नाही. तीन वेगवेगळ्या किटवर पडताळल्यावरच सांगतं.

आता शेजारणीचं बोलणं. गलाईवाल्यांबद्दल असं कुणी बोललं की मला राग येतो. आपल्या दुष्काळी भागातली माणसं देशभर जाऊन सोनं-चांदी गाळतात, भट्टीच्या धगीत दिवस काढतात, त्यांच्या पैशावर गावातल्या शाळा आणि देवळं उभी राहिलीत. परगावी राहिला म्हणजे माणूस बिघडला, असं नाही. पण वर्षातले दहा महिने बाईमाणूस एकीकडे आणि पुरुषमाणूस दुसरीकडे, ही व्यवस्था कुणी तुम्हाला विचारून केलेली नाही. तिच्यात जे होऊ शकतं त्याची काळजी घेणं हा संशय नव्हे.

पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या बायकांचा अभ्यास झाला होता. डॉ. रमण गंगाखेडकर त्या संशोधकांपैकी. त्यातल्या ३९१ बायका शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक साध्या संसारी. त्यांच्यातही १३.६ टक्क्यांना एच.आय.व्ही. सापडला. या काहीतरी तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या बायका होत्या, सगळ्या संसारी बायकांचा हा आकडा नव्हे. तरी हा अभ्यास वाचला तेव्हा बारा नंबरच्या खोलीतली ती सव्वीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आली. घरातच राहून, कुठेही न जाता लागण होते, हे तेव्हाच कागदावर आलं होतं. आम्ही मात्र 'एकनिष्ठ राहा'च सांगत होतो.

आता तुझा खरा अवघड प्रश्न, काय म्हणू? तुझं ऑपरेशन झालंय, म्हणून तो जास्त अवघड. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. मूल होण्याची भीती संपली की निरोध घरात आणायला कारणच उरत नाही. 'आता कशाला?' या एका प्रश्नापुढे बाई गप्प होते. ऑपरेशन मूल थांबवतं, रोग थांबवत नाही, हे ऑपरेशनच्या खाटेवर तिला कुणी सांगितलेलं नसतं. तांबीचंही तसंच.

म्हणून मी बायकांना वाक्यं द्यायचे. भाषण नको, घरात वापरता येईल असं वाक्य हवं. तुला एक देते, आणि ते खरंही आहे. मालक यायच्या आधी फोनवरच सांग, "दवाखान्यात गेले होते, अंगावरून जात होतं. डॉक्टर म्हणाले दोघांनी औषध घ्यायचं, दोघांनी रक्त तपासायचं, आणि तोपर्यंत निरोध वापरायचा." यात 'तुम्ही कुठे गेला होता' हा प्रश्न नाही. दोष डॉक्टरच्या माथी जातो, जाऊ दे, आम्हाला चालतं. रात्री अंधारात हे बोलू नकोस. दिवसा, जेवताना, मुलं बाहेर असताना बोल. निरोध दवाखान्यातून फुकट मिळतात, आधीच आणून ठेव.

आणि नाहीच ऐकलं, हात उगारला, तर तो तुझा पराभव समजू नकोस. तेव्हा केंद्रात परत ये, पुढचा मार्ग दोघींनी बसून काढायचा असतो.

प्रश्न : मी आशा आहे. बचत गटाच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या असं वरून सांगतात. मी पोस्टर लावते, वाचून दाखवते. पोरी तोंडाला पदर लावून हसतात, सासवा उठून जातात. कसं बोलू? — आशा स्वयंसेविका, जत तालुका

उत्तर : आशाताई, पोस्टर गुंडाळून ठेवा. पोस्टर माहिती देतं, पण बाईला माहितीपेक्षा जास्त काहीतरी लागतं. शिवाय माहितीही पोचलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एच.आय.व्ही.ची पुरेशी, बरोबर माहिती असलेल्या बायका देशभरात शंभरात बावीससुद्धा भरल्या नाहीत. इतकी वर्षं पोस्टर लावून!

माझा एक प्रयोग सांगते. तो संक्रांतीच्या हळदीकुंकवात केला, कारण त्या दिवशी बायकांना घराबाहेर पडायला परवानगी लागत नाही. एक अट मात्र पहिल्यापासून ठेवली. विधवांनाही बोलवायचं आणि त्यांनाही हळदकुंकू लावायचं. ज्यांचा नवरा या आजाराने गेला, त्याच घरी बसून राहणार असतील तर कार्यक्रम कुणासाठी? पहिल्या वर्षी दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. दुसऱ्या वर्षी त्यांतली एक आली.

आदल्या रात्री पानाचा चुना पाण्यात ढवळून ठेवायचा. सकाळी वर पाण्यासारखी स्वच्छ निवळी येते. वीस काचेचे ग्लास घ्यायचे, अठरांत साधं पाणी, दोनांत ती निवळी. बघून ओळखू येत नाही. प्रत्येकीच्या हातात एक. आधीच बजावायचं, प्यायचं नाही, हाताला लागलं तर धुवायचं. मग म्हणायचं, उठा, कुणाशीही थोडं पाणी अदलाबदल करा. काही जणी चौघींशी करतात, काही एकीशीच. साधं पाणी असलेल्या दोघींच्या ग्लासवर आधीच बशी झाकून ठेवायची आणि सांगायचं, तुम्ही बशी काढायची नाही. गप्पा होतात, हसणं होतं. मग सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकीच्या ग्लासात चिमूटभर हळद टाकत जायचं.

साध्या पाण्यात हळद पिवळी राहते. चुना पोचलेल्या पाण्यात ती लाल होते. आपलं कुंकू याच युक्तीने तयार व्हायचं, हे म्हाताऱ्यांना माहीत असतं, त्या लगेच पुढे सरकतात. एक ग्लास लाल, दुसरा लाल, तिसरा पिवळा, चौथा लाल. हसणं थांबतं. आमच्या पहिल्याच खेळात एक नवी सून लाल ग्लास हातात धरून म्हणाली, "पण मी तर एकदाच बदललं, तेपण जावेशी." सगळी खोली गप्प झाली. मला काहीच सांगावं लागलं नाही. झाकलेले दोन ग्लास पिवळेच राहिलेले असतात, निरोधची गोष्ट तिथून काढायची. 'दिसण्यावरून कळलं का?' हा एकच प्रश्न विचारला की तपासणीची गोष्ट निघते.

दोन गोष्टी सांभाळा. लाल ग्लासवाली कुणी चेष्टेचा विषय होता कामा नये. खेळ संपल्याबरोबर म्हणा, आता या सगळ्यांना औषध आहे, आणि तेही सांगा. भीती दाखवून सोडून दिलेली बाई तपासणीला येत नाही. दुसरं, सासवांना बाहेर काढून पोरींशी बोलायचा मोह टाळा. घरात निर्णय सासूचा चालतो. पोरगा मुंबईहून सुट्टीला आला की 'आधी दवाखान्यात जाऊन या दोघं' असं म्हणू शकणारी घरात ती एकटीच असते. मी सासूंना सांगायचे, सून वाचली तर नातवंडं वाचतात. आपल्याच पोराच्या मरणानंतर सून आणि नातू सांभाळणाऱ्या सासवा आपल्या तालुक्यांत कमी नाहीत. त्यांच्यातली एखादी बोलायला तयार झाली तर तुम्ही आणि मी गप्प बसलेलं चांगलं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सांगलीत १९९२ मध्ये संग्राम संस्थेचं काम सुरू झालं. मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धंदा करणाऱ्या बायकांच्या हातात निरोधवाटपाचं काम दिलं, आणि १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्यातून मी घेतलेला धडा असा. एकटीने निरोधशिवाय नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. गल्लीतल्या सगळ्यांनी म्हटलं तर त्याला जायला दार उरत नाही. ज्यांच्याकडे आम्ही 'धोका' म्हणून बोट दाखवत होतो, त्या बायका स्वतःला वाचवायला आमच्या आधी शिकल्या. संसारी बाईच्या मागे अशी गल्ली नसते, ती एका बंद दाराआड एकटी असते. तुमचा बचत गट ही तिची गल्ली होऊ शकते. दहा जणींनी एकाच महिन्यात आपापल्या घरी 'दवाखान्यातून सांगितलंय, दोघांची तपासणी' असं म्हटलं की मग एकटीवर संशय येत नाही, ती गावाची रीत होते. आमच्या एका वाडीत यात्रेआधीच्या आठवड्यात जोडप्यांची तपासणी अशी रीत पडली होती. बीपी आणि शुगरसोबत करायची. पहिल्या वर्षी सात जोडपी आली, मला तेवढी पुरली.

प्रश्न : डास चावून, एकाच ताटात जेवून, संडास वापरून एच.आय.व्ही. होतो का? आमच्या भावकीतल्या बाईची भांडी वेगळी ठेवली आहेत. — कवठेमहांकाळ

उत्तर : नाही, नाही आणि नाही. निरोधशिवायचे संबंध, लागण झालेलं रक्त किंवा तसल्या रक्ताची सुई, आणि आईकडून बाळाला. एवढेच मार्ग. आज जेवताना तिची भांडी तुमच्यात मिसळा.

प्रश्न : मला चौथा महिना आहे. पहिल्याच तपासणीत पॉझिटिव्ह आलं. मालकांनी अजून तपासणी केलेली नाही, उलट सासू म्हणते ही माहेराहून घेऊन आली. बाळाचं काय होईल? मूल ठेवू का? — नाव नको

उत्तर : ताई, बाळाचं आधी सांगते. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या तीसएक बाळांना आईकडून लागण होते. तू आजपासून रोज एआरटीची, म्हणजे एच.आय.व्ही. दाबून ठेवणाऱ्या औषधाची गोळी घेतलीस, तर तो धोका शंभरात पाचाच्याही खाली येतो, नेमाने घेणाऱ्या आयांच्या बाबतीत आणखी खाली. माझ्या खोलीत खेळून गेलेली कितीतरी पोरं आता कॉलेजला आहेत. आजाराच्या भीतीने मूल पाडायचं काही कारण नाही. ठेवायचं की नाही हे तूच ठरव, पण या भीतीने नको.

गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळतात. २००४ च्या एप्रिलमध्ये सरकारने मोफत औषधं सुरू केली, त्याआधी मी नुसतं पाणी आणि धीर देणारी माणसं बघितली आहेत. तेव्हा मूठभर गोळ्या असत, आता बहुतेकांना दिवसाला एकच. मळमळ झाली तर सांग, पण मनाने बंद करू नकोस. बाळंतपण दवाखान्यातच कर. निव्वळ एच.आय.व्ही. आहे म्हणून सिझर लागत नाही. जन्मल्यावर बाळाला निदान सहा आठवडे सिरप देतात. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते, आणि अठराव्या महिन्यात शेवटचा निकाल. मधल्या तारखा चुकवू नकोस.

दूध पाज. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. इथे घराघरात भांडण होतं, म्हणून ठासून लिहिते. मध नाही, बाळगुटी नाही, साखरपाणी नाही, गाईचं दूध नाही, वरचं पाणीसुद्धा नाही. अंगावरचं आणि वरचं मिसळून दिलं की बाळाच्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो. गुटीसाठी आजी हट्ट धरेल. तिला केंद्रात घेऊन ये, नर्सबाईंच्या तोंडून ऐकू दे.

'माहेराहून आणली' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. गरोदर बाईची तपासणी आधी होते, म्हणून आधी कळतं तिला. आधी कळलं म्हणजे आधी झालं असं नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी केंद्रातून निरोप पाठवता येतो. घरी सांगितल्यावर मारहाण होईल किंवा हाकलून देतील अशी रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगण्याची सक्ती वर सांगितलेला एच.आय.व्ही.-एड्स कायदा बाईवर करत नाही. ही सवलत मुद्दाम बायकांसाठी ठेवलेली आहे. आणि या आजारावरून तुला राहत्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. पण कायदा रात्री अकरा वाजता दार उघडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माहेरची एक व्यक्ती, भाऊ, मावशी, मैत्रीण, कुणीही एक विश्वासाची निवड आणि तिला आधी सांग. दोघी मिळून समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरतंय. मुलाची एच.आय.व्ही. तपासणी मागितली तर सोयरीक मोडेल असं घरचे म्हणतात. पत्रिका बघतात, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. — एक आई, मिरज

उत्तर : वहिनी, तुमचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. मागा. पण 'मुलाची' असं नको, 'दोघांची' म्हणा, आणि आधी मुलीची करून तिचा कागद पुढे ठेवा. रक्तगट, थॅलेसेमिया, एच.आय.व्ही. अशी एकत्र तपासणी मागितली की ती कुणाच्या चारित्र्यावर जात नाही. जबरदस्ती करता येत नाही आणि करूही नये. दोघांनी आपल्या मनाने करायची आणि निकाल एकमेकांना स्वतः दाखवायचा.

पण वहिनी, लग्नाआधीचा कागद हा त्या दिवसापुरता असतो. पुढच्या तीस वर्षांची हमी त्यात नसते. त्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे मुलगी नवऱ्याशी या विषयावर बोलू शकेल अशी तुम्ही तिला पाठवता का. अजूनही आपल्याकडे मुलीला पाटल्या-बिलवर, भांडी, पाच साड्या देतात. निरोध कसा वापरायचा, अंगावरून जात असेल तर कुठे जायचं, हे कुणी सांगत नाही. लग्नाआधी एक दुपार काढा, दार लावा आणि तिच्याशी बोला. तुम्हाला लाज वाटेल, तिलाही वाटेल. पहिली दहा मिनिटं वाटते, मग जाते.

प्रश्न : जबरदस्ती झाली. दोन दिवस झाले. कुणाला सांगितलेलं नाही. — (हे पत्र संपादकांनी माझ्याकडे त्याच दिवशी पाठवलं. तिला उत्तर गेलं आहे. बाकीच्यांसाठी छापत आहे.)

उत्तर : ७२ तासांच्या आत मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचा, जितकं लवकर तितकं बरं. एच.आय.व्ही. होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या असतात, त्या ७२ तासांत सुरू केल्या तरच उपयोग. दिवस राहू नयेत म्हणूनही औषध मिळतं. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार थांबवता येत नाहीत. सरकारी असो की खासगी, अशा बाईवर रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करायचेच, असा कायदा आहे. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदाच्या पिशवीत घालून सोबत न्या. आणि ७२ तास उलटून गेले असले तरी जा. बाकी पुष्कळ उपचार करायचे असतात. दोष तुमचा नाही.

प्रश्न : मी पॉझिटिव्ह आहे, पाच वर्षं गोळी चालू आहे. बायको निगेटिव्ह आहे. तिला सगळं सांगूनच लग्न केलं. तिला मूल हवंय. मी तिला धोक्यात घालू का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, या गठ्ठ्यात पुरुषाचं एवढं एकच पत्र होतं. 'सांगूनच लग्न केलं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. बायकांची लागण टाळायची म्हणजे बायकांनाच शिकवायचं, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो. तुमच्यासारखा नवरा गोळी वेळेवर घेतो तेव्हा एका बाईचं रक्षण तिथेच होतं, तिला काही मागावं लागत नाही, कुणाशी भांडावं लागत नाही.

आता मुलाचं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी. त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतलीही जोडपी होती. २०११ मध्ये निकाल आला की लागण असलेल्या जोडीदाराने लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. नंतरच्या अभ्यासांनी आणखी पुढचं दाखवलं. रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

म्हणून पहिलं काम, तुमचा शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कधीचा आहे ते एआरटीच्या पुस्तिकेत बघा, नसेल तर एआरटी केंद्रात विचारा. ही तपासणी फुकट होते. वर्ष उलटून गेलं असेल तर आधी ती करा. तो 'सापडत नाही' असा येईपर्यंत निरोध चालू ठेवायचा. आल्यावर तुमच्या एआरटीच्या डॉक्टरांसमोर दोघांनी बसायचं आणि सांगायचं, आम्हाला मूल हवंय. ते तुमच्या गोळ्यांची नियमितता बघतील, दोघांना दुसरा काही संसर्ग नाही ना हे तपासतील, आणि पाळीच्या कोणत्या दिवसांत निरोध सोडायचा ते वहिनींच्या तारखा विचारून सांगतील. बाकीचे दिवस निरोध. वहिनींची एच.आय.व्ही. तपासणी मधूनमधून चालू राहील, दिवस राहिल्यावरही. या काळात तुमची एकही गोळी चुकता कामा नये. परगावी गेलात तर खिशात दोन दिवसांच्या जास्तीच्या ठेवा.

वहिनींना फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आत्ताच सुरू करायला सांगा. त्या दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या असतात. उपकेंद्रात नर्सबाईंकडे मिळतील.